सुगंधी पिवळा जेनिस्टा दरवर्षी फुलवायचा तर

हिवाळा सरत आला की रोपवाटिकांमध्ये पिवळ्याधमक तुऱ्यांनी लगडलेली, हातभर उंचीची गोलसर झुडपं विक्रीला येतात. जवळून गेलं तरी गोड वास जाणवतो. चिठ्ठीवर कधी जेनिस्टा लिहिलेलं असतं, कधी सायटिसस, कधी स्वीट ब्रूम. घरी आणल्यावर आठ-दहा दिवसांत कळ्या गळतात, मग पानं झडतात आणि महिन्याभरात कुंडीत नुसत्या काड्या उरतात. झाड नाजूक आहे म्हणून ते टाकून दिलं जातं. बहुतेक वेळा त्याला थंडीने मारलेलं नसतंच. उबदार खोली, ताटलीत साचलेलं पाणी आणि भलत्या वेळी चाललेली कात्री या तीन गोष्टींनी ते जातं. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही हे खरं, पण त्याला ऊबही नको असते. त्याला हवा असतो भरपूर उजेडातला गारवा. एवढं सांभाळलं तर हे झुडूप दहाएक वर्षं दर हंगामात फुलतं.

झुडपाची ओळख

फुलवाल्यांकडचा जेनिस्टा बहुतेक वेळा संकरित असतो. त्याचं शास्त्रीय नाव जेनिस्टा स्पाकियाना. जेनिस्टा कॅनॅरिएन्सिस आणि जेनिस्टा स्टेनोपेटाला या दोन जातींपासून तो तयार झाला. दोन्ही जाती आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरच्या कॅनरी बेटांवरच्या. सायटिसस रेसिमोसस आणि सायटिसस फ्रॅग्रन्स ही त्याचीच जुनी नावं, त्यामुळे चिठ्ठीवर त्यांपैकी काही दिसलं तर गोंधळून जाऊ नका. वेगळा धरायचा तो स्कॉच ब्रूम. त्याच्या हिरव्या काड्यांवर पानं जेमतेम असतात आणि तो कडक हिमात तग धरतो. आपला जेनिस्टा मात्र सदाहरित आणि पानांनी भरलेला असतो.

पान मेथीसारखं तीन दलांचं, पण मेथीपेक्षा लहान आणि गडद. ते उलटून पाहिलं तर खालच्या बाजूला रेशमी लव दिसते. हीच लव कोवळ्या डहाळीवरही असते. फूल तुरीच्या फुलाच्या घडणीचं: वर उभी पाकळी, दोन बाजूंना पंख, मध्ये होडीसारखी मिटलेली जोडपाकळी. अशी फुलं ५ ते १० सेंटीमीटरच्या तुऱ्यात डहाळीच्या टोकाला येतात. जमिनीत वाढू दिलं तर झुडूप २ ते ३ मीटर उंच होतं. कुंडीत छाटणीने ते ६० ते ९० सेंटीमीटरवर सहज राखता येतं.

कॅनरी बेटांवर पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. हिवाळा गार असतो, पण गोठवणारा नसतो. पुढची सगळी निगा या हवामानावरून ठरते.

विकत घेताना

सगळी फुलं उमललेलं झुडूप घेऊ नका. साधारण एक तृतीयांश फुलं उघडलेली आणि बाकी कळ्या घट्ट, हिरवट-पिवळ्या असाव्यात. झुडूप हलकेच हलवून पाहा. कळ्या टपटप पडल्या तर ते दुकानातच एकदा तरी कोरडं पडलेलं आहे. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळं नाही ना, ते पाहा. कुंडीच्या तळाच्या भोकांतून डोकावणारी मुळं पांढरी किंवा फिकट असावीत. काळपट आणि बुळबुळीत असतील तर तसं झाड घेऊच नये.

आणखी दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. बऱ्याचदा एकाच कुंडीत दोन-तीन छोटी रोपं एकत्र लावलेली असतात, म्हणून झुडूप इतकं भरगच्च दिसतं. त्यांना वेगळं करण्याच्या फंदात पडू नका, मुळं दुखावलेली या झाडाला अजिबात चालत नाहीत. दुसरं म्हणजे, व्यापारी लागवडीत वाढ रोखणारी रसायनं अनेकदा वापरतात. त्यामुळे पुढच्या वर्षी डहाळ्या लांब आणि सैल निघाल्या तर तुमची निगा चुकली असं समजू नका. तो झाडाचा मूळ स्वभाव आहे आणि त्याला छाटणी हा उपाय आहे.

कुंडी आणि माती

फुलत असताना कुंडी बदलू नये. फुलं संपली, छाटणी झाली आणि नवे फुटवे दिसू लागले की ती वेळ. नवी कुंडी जुनीपेक्षा एकाच मापाने मोठी घ्या: १२ सेंटीमीटरवरून १५, मग १८ ते २०. एकदम मोठ्या कुंडीत लावलं तर मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि कूज तिथूनच सुरू होते. मोठ्या झाडाला ३० ते ३५ सेंटीमीटरची कुंडी पुरते. तिथून पुढे कुंडी न बदलता दर वसंतात वरची ४-५ सेंटीमीटर माती खरवडून नवी घालावी.

मातीचं मिश्रण असं: दोन भाग बागेतली पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं पानांचं खत, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे). वाळू बारीक नको, ती मातीत बसून निचरा आणखी बिघडवते. सामू (पीएच) ६ ते ७ असावा. नुसत्या कोकोपीटमध्ये हे झाड लावण्याचा मोह टाळा. ते हलकं असल्याने वरून जड झालेलं झुडूप वाऱ्याने लोळतं. तळाशी खड्यांचा थर देण्याची जुनी सवय आहे, पण त्याने निचरा वाढत नाही, मातीची जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवला की काम झालं.

कुंडीतून काढल्यावर मुळांचा गोळा फोडू नका, मुळं मोकळी करू नका, कापूही नका. मुळं अगदी गोल गोल वेटोळली असतील तर बोटाने कडेची दोन-चार सैल करावीत, तेवढंच. जितक्या खोलीवर झाड आधी होतं तितक्याच खोलीवर बसवा, कडेने माती भरून बोटांनी दाबा आणि एकदा भरपूर पाणी द्या.

पाणी आणि खत

बोटाची दोन पेरं मातीत घालून पाहा. वरचं पेर कोरडं आणि खालचं ओलसर लागलं की पाणी द्यायचं, तळातून वाहेपर्यंत. वीस मिनिटांनी ताटलीतलं पाणी ओतून टाका. पाणी दिल्यावर कुंडी उचलून तिचं वजन हाताला ओळखीचं करून घ्या. आठवड्याभरात हात बोटापेक्षा लवकर सांगू लागतो.

कळ्या दिसू लागल्यापासून फुलं संपेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. या दिवसांत माती एकदा जरी पूर्ण सुकली तरी झाड कळ्या टाकतं आणि मग कितीही पाणी दिलं तरी त्या परत येत नाहीत. विकतच्या कुंडीत कोकोपीट किंवा पीट असेल तर सुकल्यावर ते पाणी शोषतच नाही. वरून घातलेलं पाणी कडेने निसटून खाली जातं आणि माती ओली झाली असं वाटतं. कुंडी संशयास्पद हलकी लागली तर ती पाण्याच्या बादलीत काठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत म्हणजे वीस ते तीस मिनिटं ठेवा आणि मग निथळू द्या.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. शेंगवर्गीय झाड असल्याने मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र त्याला पुरवतात. वरून आणखी नत्र दिलं तर पानं फोफावतात, डहाळ्या लुसलुशीत होतात, त्यांच्यावर मावा चढतो आणि फुलं कमी येतात. पालाश जास्त असलेलं विद्राव्य खत, टोमॅटोसाठी मिळतं तसं, वेष्टनावरच्या मात्रेच्या निम्म्याने द्यावं. नवी फूट सुरू झाल्यापासून उन्हाळाअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकदा पुरे. गारव्यात ठेवण्याच्या काळात खत बंद.

छाटणी

फुलं सुकू लागली की आठवड्याभरात छाटणी करावी. शेवटचा तुरा गळण्याची वाट पाहू नये, कारण तोवर शेंगा धरू लागतात आणि झाडाची ताकद त्यांत जाते.

कुठे कापायचं हे नीट पाहून ठरवा. फुललेली एक डहाळी हातात घ्या आणि टोकाकडून खाली या. आधी सुकलेला तुरा, मग हिरवी, लवदार, पानांनी भरलेली डहाळी, त्याखाली पानं विरळ होत जातात आणि शेवटी तपकिरी, उघडं लाकूड लागतं. कात्री चालवायची ती हिरव्या भागातच. डहाळीचा अर्धा ते दोन तृतीयांश भाग काढा, पण उरलेल्या तुकड्यावर किमान सहा-आठ निरोगी पानं राहायला हवीत. तपकिरी लाकडात कापलेल्या फांदीला सहसा पुन्हा फूट येत नाही. ती सुकते आणि झुडपाला कायमचं खिंडार पडतं. वर्षानुवर्षं न छाटलेलं, खालून उघडं पडलेलं झुडूप एका फटक्यात लहान करता येत नाही ते याचमुळे. अशा झाडाचे छाटे लावून नवं रोप करणं शहाणपणाचं.

छाटणीनंतर नवे फुटवे ८ ते १० सेंटीमीटर झाले की त्यांचे शेंडे खुडा. प्रत्येक खुडलेल्या शेंड्यामागे दोन-तीन फुटवे येतात आणि पुढच्या फुलोऱ्याची टोकं तेवढी वाढतात. खुडणं उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत दोनदा-तीनदा करावं आणि मग पूर्ण थांबवावं. तुरे याच हंगामातल्या डहाळ्यांच्या टोकाला येत असल्याने शरद ऋतूत हौसेने केलेली नीटनेटकी छाटणी म्हणजे आख्खा फुलोरा कापून टाकणं.

एका खोडावर गोल माथा हवा असेल तर एकच सरळ वाढणारं तरुण रोप निवडा, काठीला सैल बांधा आणि खोडावरचे बाजूचे फुटवे लहान असतानाच काढत राहा. खोडावरची पानं मात्र राहू द्या, त्यांच्यामुळेच ते जाड होतं. ६० ते ९० सेंटीमीटरवर शेंडा खुडा, वरचे पाच-सहा फुटवे वाढू द्या आणि त्यांचे शेंडे पुन्हा पुन्हा खुडा. माथा भरायला दोन-तीन वर्षं लागतात.

वर्षभराची जागा

फुलं संपल्यापासून शरदापर्यंत कुंडी बाहेर, उघड्यावर असावी. घरातून थेट भर उन्हात नेली तर पानं भाजतात, म्हणून आठ-दहा दिवस अर्ध्या सावलीत ठेवून मग पूर्ण उन्हात न्या. रोज किमान सहा तास ऊन मिळायला हवं. दुपारचा पारा पस्तिशीपलीकडे जात असेल तर तेवढ्या वेळेपुरती सावली बरी. काळी कुंडी अशा दिवसांत इतकी तापते की कडेची मुळं भाजून निघतात. ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत बसवावी.

शरदात रात्री १० अंशांच्या आसपास आल्या तरी घाईने आत आणू नका. फुलकळी धरायला झाडाला हा गारवाच हवा असतो. कित्येक आठवडे रात्री ५ ते १० आणि दिवसा १५ अंशांच्या आत राहिलं तर कळ्या भरपूर धरतात. पारा ५ अंशांखाली जाण्याची चिन्हं दिसली की आत, पण तापवलेल्या दिवाणखान्यात नव्हे. न तापवलेली काचेची पडवी, गार जिन्यातली मोठी खिडकी, हिम न शिरणारं काचघर अशा जागा योग्य. उजेड मात्र पूर्ण हवा. अंधाऱ्या गार खोलीत पानं पिवळी पडून गळतात. रोज थोडा वेळ हवा खेळू द्या, नाहीतर दमट कोंडलेल्या हवेत करडी बुरशी धरते.

कळ्या फुगून पिवळ्या दिसू लागल्या की झाड घरात आणता येतं, तेही १३ ते १६ अंशांच्या खोलीत. २० अंशांपलीकडच्या कोरड्या खोलीत तोच फुलोरा काही दिवसांत आटोपतो, गार खोलीत तो कित्येक आठवडे टिकतो. दिवसा खोली तापत असेल तर निदान रात्री कुंडी गार जागी नेऊन ठेवा. फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळू शकतात.

जिथे हिवाळ्यातही रात्री १५ अंशांखाली येत नाहीत तिथे हे झुडूप हिरवंगार वाढेल, पण फुलांची खात्री नाही. अशा ठिकाणी ते उंच, गार डोंगराळ भागातल्या बागेत लावणंच रास्त.

जमिनीत लावायचं असेल तर

हिवाळा सौम्य असलेल्या भागांत जेनिस्टा जमिनीत कुंडीपेक्षा सुखाने राहतो. पक्व लाकडाचं झाड शून्याखाली दोन-तीन अंशांचं क्षणिक हिम सोसतं, लांबलेलं गोठण मात्र नाही. जागा दिवसभर उन्हाची आणि वाऱ्यापासून आडोशाची निवडा. ऊन साठवणारी भिंत पाठीशी असेल तर उत्तम. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण तितकाच खोल घ्या. चिकणमातीत खड्डा म्हणजे पाण्याचं भांडंच होतं, तिथे २० ते ३० सेंटीमीटर उंच वरंबा करून त्यावर लावा. खड्ड्यात शेणखत भरू नका. हलकी, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन या झाडाला मानवते. दोन झाडांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या, नंतर ते पावसावर आणि क्वचित दिलेल्या पाण्यावर निभावतं. जागा बदलायचा विचार लावण्याआधीच करून घ्या, कारण एकदा रुजलेलं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर ते बहुधा जगत नाही.

नवी रोपं

हा संकर असल्यामुळे बियांपासूनची रोपं आईसारखीच निघतील असं नाही. तेच झाड हवं असेल तर छाटे लावायचे, तेही उन्हाळ्याच्या मध्यानंतर, डहाळी खाली घट्ट आणि टोकाला कोवळी असते तेव्हा. फूल नसलेला ७ ते १० सेंटीमीटरचा बाजूचा फुटवा निवडा आणि खाली ओढून असा काढा की त्याच्या बुडाशी मूळ फांदीच्या सालीचा छोटा तुकडा चिकटून येईल. सालीची लोंबणारी शेपटी धारदार चाकूने नीट करा. खालच्या निम्म्या भागावरची पानं काढा, बूड मुळं फुटवणाऱ्या संजीवकाच्या भुकटीत टेकवून झटका.

परलाइट आणि कोकोपीट समसमान घेऊन ओलं करा आणि मुठीत दाबून पाहा: गोळा व्हायला हवा, पण पाणी ठिबकायला नको. ५-६ सेंटीमीटरच्या छोट्या कुंड्यांत एकेक छाटा लावा. एकाच ट्रेमध्ये दाटीने लावले तर नंतर वेगळे करताना मुळं तुटतात आणि रुजलेले छाटेही मरतात. वर पारदर्शक पिशवी घाला, पानांना तिचा स्पर्श होऊ देऊ नका. माध्यमाचं तापमान १६ ते १८ अंश, उजेड पण थेट ऊन नाही. पिशवी रोज पाच मिनिटं काढून हवा द्या. चार ते आठ आठवड्यांत मुळं फुटतात. ओढून पाहायची सवय सोडा. टोकाला नवी पानं आली आणि कुंडीच्या भोकात मूळ दिसलं की समजायचं. सगळे छाटे लागत नाहीत, म्हणून हवे त्यापेक्षा दुप्पट लावा.

बियांचं कवच फार कडक असतं. बी काचकागदावर दोन-तीनदा घासा, त्यावर उकळून किंचित निवलेलं पाणी ओता आणि चोवीस तास भिजत ठेवा. फुगलेल्या बिया लगेच ५ मिलिमीटर खोल पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासून भिजवा. १८ ते २० अंशांत काही आठवड्यांत उगवण होते. इथेही प्रत्येक बी स्वतंत्र कुंडीत.

काय बिघडतं

पानं पिवळी पण शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडतंय. जमिनीत चुना जास्त असला किंवा जड पाणी सतत दिलं की सामू चढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, वेष्टनावरच्या मात्रेने द्या आणि शक्य तेव्हा पावसाचं पाणी वापरा. सगळं झुडूप मलूल, पण माती ओली, हा मूळकुजीचा इशारा आहे. अशा वेळी आणखी पाणी घालणं ही नेहमीची चूक. पाणी थांबवा, कुंडी हवेशीर जागी ठेवा आणि झाडाचा भरवसा न धरता लगेच छाटे घ्या.

घरातल्या कोरड्या हवेत लाल कोळी हा मुख्य शत्रू. पानांवर फिकट ठिपके दिसले की डहाळीखाली पांढरा कागद धरून ती झटका; कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर तो कोळीच. पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली सौम्य द्रवसाबण घोटून संध्याकाळी फवारा. सात दिवसांच्या अंतराने तीनदा तरी फवारायला हवं, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत. मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो. बोटांनी चिरडून आणि धुऊन तो आटोक्यात राहतो. उघड्यावरच्या झाडाला काही प्रदेशांत युरेसिफिटा या पतंगाच्या अळ्या पडतात आणि काही दिवसांत डहाळ्या पानांवाचून उघड्या करतात. त्या झाडातलं विष अंगात साठवतात म्हणून पक्षी त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, तेव्हा वेचायच्या तुम्हालाच. अळ्या लहान असताना बीटी (अळ्यांना मारणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस) या जिवाणूची फवारणी चांगली लागू पडते.

ते विष म्हणजे क्विनोलिझिडीन गटातली अल्कलॉइड्स. झाडाचा कुठलाही भाग, विशेषतः बिया, खाण्यात येऊ नये. लहान मुलं, पाळीव प्राणी आणि गुरं यांच्यापासून झुडूप लांब ठेवा, छाटणीचा पाला चाऱ्यात मिसळू देऊ नका आणि छाटणीनंतर हात धुवा.

जमिनीत लावण्याआधी आपल्या भागातल्या उपद्रवी वनस्पतींची यादी जरूर पाहा. याचा जवळचा नातलग, मॉन्टपेलियर ब्रूम, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये रानोमाळ पसरला आहे. पक्व शेंग तडकून बिया दूर फेकते, त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, आणि आग लागून गेली की एकदम उगवून येतात. सुगंधी जेनिस्टाही त्याच घरातला. तेव्हा फुलं ओसरताच तुरे कापायचे, आणि एखादी शेंग राहिलीच तर ती हिरवी असतानाच तोडायची.

ब्रूम गटातली झाडं दीर्घायुषी नसतात. आठ-दहा वर्षांनी जेनिस्टा खालून उघडा पडतो, एखादी मोठी फांदी कारण नसताना वाळते. म्हणून झाड पाच-सहा वर्षांचं झालं, अजून जोमात आहे, अशा वेळीच दर उन्हाळ्यात पाच-सहा छाटे लावत चला. म्हाताऱ्या झाडाचे छाटे सुस्त असतात, तरुण झाडाचे भराभर लागतात, आणि चांगली निगा राहिली तर रुजल्यापासून दुसऱ्या हिवाळ्याअखेर ते स्वतः फुलू लागतात.